मराठी साहित्यातला मासा काय खातो?

मराठीच्या एम. ए.च्या वर्गात ‘मानसोल्लास’ या ग्रंथाला साधारणतः पाच मिनिटे मिळतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे. ओवीच्या प्राचीनतेचा तो पुरावा होय. एवढे सांगून आम्ही अध्यापक मंडळी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. विद्यार्थी तेवढेच टिपून घेतात आणि परीक्षेत तेवढेच लिहितात. मी स्वतः पंधराएक वर्षे हेच करीत आलो. याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक प्रकरण आहे, त्यात राजाने गळाने मासे कसे धरावेत याचे तपशीलवार विवेचन आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आणि कळली तीही मराठी वाङ्मयेतिहासाच्या एखाद्या खंडातून नव्हे, तर सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास या प्रकरणावर लिहिलेल्या इंग्रजी लेखाच्या उल्लेखातून. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याचे खाणे काय, त्याला आमिष कोणते द्यावे, दोरा कशाचा असावा, काठी कशी असावी, असे प्रश्न एका राजाने नऊशे वर्षांपूर्वी गंभीरपणे विचारले होते. त्यांतला ‘खाणे काय’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत लेखात मी त्याच्याच मागे जाणार आहे.

मराठी साहित्यात मासे कमी नाहीत. संतकाव्यातील मासोळी पाण्यावेगळी होऊन तळमळते. तोच मीन दुसऱ्या ठिकाणी आमिषाला भुलून गळाला लागतो आणि विषयासक्त जीवाचा दृष्टान्त होतो. आधुनिक काळात मासा कोकणच्या आणि गोव्याच्या लेखनातून ताटात येतो, आणि तेथे त्याचे वर्णन अत्यंत चविष्ट असते हे मान्य केलेच पाहिजे. म्हणजे आपल्या साहित्यातला मासा बहुधा तीन अवस्थांत भेटतो : पाण्याबाहेर, गळावर किंवा ताटात. पाण्यातला मासा, आपल्या वेळी आपले खाणे शोधत असलेला मासा, माझ्या वाचनात क्वचितच आला आहे. आमचा मासा दृष्टान्त होतो, प्रतीक होतो, कालवण होतो. तो स्वतः मात्र कधी जेवत नाही.

हा विनोद नव्हे. ज्या साहित्याने माशाच्या खाण्याचा प्रश्न पाचशे वर्षे सोडला नाही त्याच्याशी तुलना केली म्हणजे त्यातले गांभीर्य ध्यानात येते. ट्राउट हा थंड, वाहत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातला मासा. महाराष्ट्रातल्या नद्यांचे पाणी त्याला मानवत नाही. भारतात तो इंग्रजांनी आणला. १९०० च्या सुमारास विलायतेहून आणलेली अंडी काश्मिरात रुजली, पुढे कुलूच्या आणि निलगिरीच्या ओढ्यांतही त्याची वस्ती झाली. त्याला धरण्याची जी पद्धत इंग्रजीत ‘फ्लाय फिशिंग’ म्हणून ओळखली जाते तिच्यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. बारीक गळावर रेशमाचा दोरा, लोकर, कोंबड्याच्या मानेचे पीस असे काहीबाही गुंडाळून एक खोटा किडा तयार करतात. त्याला वजन नसते, म्हणून तो फेकता येत नाही. फेकली जाते ती दोरी, तिच्याच वजनाने. किडा तिच्या टोकाशी अलगद पाण्यावर उतरतो. (या खोट्या किड्यांसाठी आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे विलायतेत फार नावाजली जात आणि भारतातून मोठ्या प्रमाणावर तिकडे जात. पुढे त्या निर्यातीवर बंदी आली. सह्याद्रीतल्या पाखराचे पीस स्कॉटलंडमधल्या नदीवर उतरत होते आणि आपल्या साहित्याला त्याची दाद नव्हती, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवतो.)

तथापि खरी मौज पिसांत नाही. वसंत ऋतूत थंड नद्यांवर एक विलक्षण घटना घडते. मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक वर्ष-दोन वर्षे दगडांखाली, पाण्यात, अळीसारख्या रूपात वाढतो. मग एखाद्या दुपारी, पाण्याची ऊब जमली म्हणजे, हजारोंच्या संख्येने हे जीव पृष्ठभागाकडे येतात, कात टाकतात, पंख वाळेपर्यंत पाण्यावर तरंगतात आणि उडून जातात. उडाल्यावर ते पुन्हा एकदा कात टाकतात. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा दुसरा कीटक नाही. या अखेरच्या रूपात त्यांचे तोंड निकामी असते. ते खात नाहीत. जोडी जमवतात, अंडी घालतात आणि बहुधा एका दिवसाच्या आत मरून पाण्यावर पडतात. या सामुदायिक उड्डाणाला इंग्रजीत ‘हॅच’ म्हणतात. त्या घटकेला ट्राउट दुसऱ्या कशालाही तोंड लावीत नाही. उडणाऱ्या किड्याचाच आकार, तोच रंग, तीच अवस्था त्याला हवी असते. म्हणून कोळ्याला प्रथम पाण्याकडे पाहावे लागते : आज कोण उडते आहे?

या एका प्रश्नातून केवढे वाङ्मय उभे राहिले! दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या ईलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची मेणरंगी पिसे बांधून मासे धरतात अशी नोंद केली आहे. १४९६ साली इंग्लंडात छापल्या गेलेल्या मासेमारीवरील एका प्रबंधात बारा खोट्या किड्यांची कृती दिली आहे आणि तीही महिन्यांनुसार, मार्च ते ऑगस्ट. (ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर तो प्रबंध मोडतो, तिने तो लिहिला की नाही याविषयी वाद आहे, आणि आपल्याकडच्या कर्तृत्वाच्या वादांची सवय असलेल्यांना त्याचे आश्चर्य वाटू नये.) १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ आला, आणि १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने त्याला खोट्या किड्यांवरचा भाग जोडला. १८३६ मध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्सने मासे धरणाऱ्यांसाठी कीटकशास्त्राचे पुस्तक काढले. या रोनाल्ड्सविषयी मला विशेष ममत्व आहे. त्याने नदीच्या काठी पाण्यावर झुकलेली एक झोपडी बांधली आणि तीत बसून तो ट्राउट पाहत राहिला. माशांना ऐकू येते काय हे पाहण्यासाठी त्याने बंदुकीचे बार काढविले. त्यांना चव कळते काय हे पाहण्यासाठी मेलेल्या घरमाशांना मोहरी आणि तिखट लावून त्या नळीतून पाण्यावर फुंकल्या. असला माणूस आमच्या गावात निपजला असता तर त्याच्या लग्नाची पंचाईत झाली असती. तिकडे त्याचे पुस्तक अभिजात गणले गेले.

सांगायचा मुद्दा असा की या परंपरेचे बळ निसर्गप्रेमातून आलेले नाही. ते फसवणुकीच्या गरजेतून आले आहे. माशाला फसवायचे तर त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तेथे ‘अहाहा’ म्हणून भागत नाही, कारण ‘अहाहा’ला मासा लागत नाही. नॉर्मन मॅक्लीन हा शिकागो विद्यापीठात आयुष्यभर साहित्य शिकवून निवृत्त झालेला प्राध्यापक. सत्तरी ओलांडल्यावर, १९७६ मध्ये, त्याने ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ लिहिले. भावाला वाचवू न शकल्याचे दुःख हा त्या कथेचा गाभा. परंतु ते दुःख त्याने दोरी कशी फेकावी, कोणत्या पाण्यात कोणता किडा चालेल, याच्या काटेकोर तपशिलांतून सांगितले. हेमिंग्वेच्या १९२५ मधल्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ या कथेत युद्धाचा शब्दही नाही. नायक निक सकाळच्या दवाने जडावलेले नाकतोडे गोळा करतो आणि त्यांचे आमिष लावून ट्राउट धरतो, इतकेच घडते. जिवंत नाकतोडे, हे लक्षात असू द्यावे. पिसांचे खोटे किडे नव्हेत. त्या नाकतोड्यांकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता रिठदकडे येतो.

रिठद हे माझे गाव, वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले. सोयाबीनचा मुलूख. तालुक्यातून पैनगंगा वाहते, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून. आमच्या बालपणी ती उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटायची. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, प्राकृत काव्याचे एक पीठ. पण ते वैभव आम्ही स्थानिक प्राध्यापक चर्चासत्रांत इतक्या वेळा सांगतो की येथे आवरते घेतलेले बरे. ट्राउटचा आणि आमचा संबंध येण्याचे कारण नाही. मेफ्लायची आमच्या बोलीत वेगळी ओळख नाही. तरीही ‘हॅच’ म्हणजे काय हे पुस्तकात वाचल्यावर मला कोणी समजावून सांगावे लागले नाही, कारण ती घटना मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

मृग लागतो. पहिला जोराचा पाऊस पडून जातो, हवा कोंदटते आणि तिन्हीसांजेला जमिनीतून, भिंतीच्या कडेतून, बांधाच्या भेगांतून उधईची पाखरे निघतात. उधई म्हणजे वाळवी. वर्षभर मातीच्या आत अंधारात राहिलेल्या वारुळातून एकाच संध्याकाळी हजारो पंखवाले नर-माद्या बाहेर पडतात. उडतात थोडा वेळच. पंख गळून पडतात, जोड्या जमिनीवर पुढे-मागे चालू लागतात, त्यांतली एखादीच नवे वारूळ वसवते. उरलेली पाखरे सरडे, बेडूक, कोंबड्या, चिमण्या यांच्या पोटात जातात. दिव्याभोवती पंखांचा थर साचतो आणि सकाळी घरातल्या बाया तो खराट्याने लोटतात. साहित्याने मृगाच्या लाल, मखमली किड्याची दखल घेतली. संस्कृत कवींनी त्याला इंद्रगोप म्हणून काव्यात मानाचे स्थान दिले. काजवेही आले. उधईची पाखरे मात्र केरात गेली.

काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या घटक चाचणीत मी ‘पहिला पाऊस’ हा निबंध दिला होता. विषय माझाच, आणि किती निर्बुद्ध होता हे आज कळते. अपेक्षेप्रमाणे मृद्गंध आला, बळीराजा आला, धरणी हिरवा शालू नेसली. एका मुलाने मात्र वेगळे लिहिले. तो नदीकाठच्या एका गावचा, भोई समाजातला. त्याने लिहिले होते की पहिल्या पावसाच्या संध्याकाळी घरात चूल उशिरा पेटते, कारण वडील गळ घेऊन नदीवर गेलेले असतात. त्या दिवशी ते गांडूळ नेत नाहीत. वाटेत पाखरे वेचून डबीत भरतात, तंगुसाला शिसे बांधीत नाहीत, बारीक गळात पाखरू ओवून ते नुसते पाण्यावर सोडून देतात, आणि मासोळ्या वरच्या वर ते घेतात. गळाचे, पाखराचे, दोरीचे वर्णन पान-दीड पान होते. पावसाविषयी एक वाक्य. भाषा अर्धी प्रमाण, अर्धी वऱ्हाडी. मी लाल शाईने समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले.

पुढे केव्हातरी हेमिंग्वेची ती कथा वाचताना निक नाकतोडे वेचतो त्या जागी मी थबकलो. निकचे नाकतोडे वाचून समीक्षकांनी ग्रंथ लिहिले. मी मात्र पाखरे वेचणाऱ्या बापाला विषयांतर म्हटले होते. उत्तरपत्रिका शोधण्याचा प्रयत्न केला. घटक चाचणीचे कागद वर्ष संपले की रद्दीत जातात. ते गेलेही होते.

येथे माझ्या वैयक्तिक अपराधभावनेपेक्षा काही अधिक आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. असे का घडते? सोपे उत्तर सर्वांना ठाऊक आहे : ज्यांना मासा ठाऊक होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांपैकी पुष्कळांच्या घरात मासा शिजत नव्हता. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये ‘उपरा’ आले तेव्हापासून लेखणीची मक्तेदारी मोडत गेली. भटके, विमुक्त, कारागीर लिहिते झाले. परंतु ते लेखन आम्ही कसे शिकवले? त्यातले दारिद्र्य शिकवले, अपमान शिकवला, विद्रोह शिकवला, आणि ते शिकवणे आवश्यकच होते. त्या माणसांच्या हातातली विद्या मात्र आम्ही शिकवली नाही. दगड कसा फोडतात, टोपली कशी विणतात, जनावर कसे पारखतात, याची पाने आली की आम्ही ‘वास्तव चित्रण’ असा एक शब्द उच्चारून पान उलटतो. वेदना वाचायला आम्ही शिकलो, ज्ञान वाचायला शिकलो नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने गरिबीवर निबंध लिहिला असता तर मी त्याला निश्चितपणे दहापैकी आठ गुण दिले असते. त्याने बापाचे कौशल्य लिहिले, म्हणून ते विषयांतर झाले.

दुसऱ्या बाजूला आमचे ललित निबंध. त्यांत निसर्ग उदंड आहे, पण तो बहुतेक वेळा लेखकाच्या मनःस्थितीचा आरसा असतो. पाऊस पडतो तो लेखकाला काहीतरी आठवावे म्हणून. सन्माननीय अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यांच्या क्रमाने रचले आहे. त्यात पाहणे आधी येते आणि भावना मागाहून. बारा किड्यांच्या त्या जुन्या इंग्रजी प्रबंधाशी या पुस्तकाचे नाते लावता येईल, असे म्हणण्याचा धीटपणा मी करतो. मारुती चितमपल्लींनी तर वनखात्यातल्या नोकरीच्या निमित्ताने विदर्भातल्या जाणत्या माणसांजवळ बसून पाखरांची, झाडांची, माशांची नावे वेचली आणि कोश रचले. त्यांत ‘मत्स्यकोश’ही आहे. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना अरण्यऋषी म्हणून निरोप दिला. ऋषी म्हटले की पूजा करून मोकळे होता येते. त्यांचा कोश उघडून, आपल्या तालुक्यातल्या नदीचे मासे त्यात आहेत का हे पाहण्याचा उद्योग आमच्या किती मराठी विभागांनी केला?

शब्दांची गोष्ट निघाली आहे तर एक नोंद करतो. १८२० च्या दशकात मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल सायक्सने येथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांवर शास्त्रीय निबंध लिहिला. नव्या जातींना लॅटिन नावे देताना त्याने पुष्कळदा कोळी-भोयांचीच नावे जशीच्या तशी उचलली. खुद्री, कोळस, मुल्या, शिंगाळा असे शब्द त्याच्या रोमन वर्णयोजनेतून आजही जागतिक मत्स्यशास्त्रात वावरत आहेत. दख्खनी महासीरचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. एका इंग्रज कर्नलाला जे शब्द घेण्याजोगे वाटले ते आमच्या साहित्यभाषेत ‘मासा’ आणि ‘मासोळी’ या दोन शब्दांत विरघळून गेले. माझ्या वर्गातल्या मुलांना मरळ, वाम, रोहू, कटला एवढी नावे येतात, आणि हल्ली सर्वत्र झालेली चिलापी.

यावर एक रास्त आक्षेप येईल. फ्लाय फिशिंग हा साहेबाचा खेळ. इंग्लंडमधल्या उत्तम नद्यांचे काठ खाजगी मालकीचे, काश्मिरातले ओढे साहेबांसाठी राखीव. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, ही चैन ज्याचे पोट भरलेले आहे त्याची. भोयाच्या कष्टाला या छंदाशेजारी बसवणे म्हणजे त्याच्या भाकरीचे सौंदर्यशास्त्र करणे होय. या आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा नाही. भूक असलेल्या माणसाला पाहण्याचा आनंद नसतो, त्याला फक्त गरज असते, हे गृहीतक मला त्या साहेबाच्या कुंपणापेक्षाही अधिक अपमानकारक वाटते. सोमेश्वराने जे विनोद म्हणून नोंदवले ते त्याला शिकवले कोणी असेल? राजा स्वतः नदीकाठी बसून आमिषे पारखत बसला नसावा. त्याच्या पदरी कोणी तरी भोई असणार. राजाचे नाव ग्रंथावर आहे.

गेल्या वर्षी मृगात मी त्या विद्यार्थ्याच्या गावी गेलो. मुलगा आता पुण्याकडे एका कारखान्यात आहे. वडील घरी होते. मी त्यांना भाऊ म्हणालो. त्यांनी खाटेवरचे गोधडे झटकून मला बसवले आणि स्वतः उभेच राहिले. ‘सर’ पोराच्या तक्रारीसाठी आले असावेत असे त्यांना क्षणभर वाटले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी येण्याचे कारण सांगितल्यावर ते हसले. दुपारी पाऊस पडून गेला होता. संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो.

पैनगंगा आता पूर्वीची नाही. बॅरेज झाले आहेत, पाणी अडले आहे, शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे आणि तो नाकारण्याचा मला अधिकार नाही. पण वाहते पाणी उभे झाले म्हणजे त्यातले मासे बदलतात. भाऊ म्हणाले की पाखरेही बदलली. बॅरेजवर, रस्त्यावर, गावात पांढरे लाइट लागले. पाखरे तिकडे ओढली जातात, नदीवर कमी येतात. आम्ही उजेडापासून लांब, बाभळींच्या खालच्या एका वळणावर बसलो. त्यांच्याकडे बांबूची हलकी काठी होती, तंगूस होता, एवढासा गळ होता. शिसे नव्हते. डबीत पाखरे वळवळत होती. मी पुस्तकी कुतूहलाने विचारले, गांडूळ का नाही?

“सर, मासा काही येडा नसते,” ते म्हणाले. “त्याच्या तोंडापुढं जे पडून राह्यलं, तेच तो खाते. आज पाखरं हायेत त पाखरंच. आज त्याले गांडूळ देसान, त पाह्यणार बी नाही. उद्या गढूळ पाणी आलं का मंग गांडूळच.”

अर्नेस्ट श्वीबर्ट या अमेरिकन लेखकाने १९५५ मध्ये याच सिद्धान्तावर एक आख्खे पुस्तक लिहिले आणि त्याचे शीर्षक त्या कलेचा मूलमंत्र ठरले : जो किडा उडतो आहे त्याच्याशी आपला किडा जुळवा. भाऊंनी ते चार वाक्यांत सांगितले. मी त्यांना श्वीबर्टविषयी काही बोललो नाही. ते काठी अशी हलवत होते की पाखरू वरच्या अंगाला पडावे आणि कोणी ओढल्याची खूण न उमटता खाली वाहत यावे. तीन-चार वेळा काही झाले नाही. मग पाण्यावर एक लहानसे वर्तुळ उमटले, त्याच्या शेजारी दुसरे, आणि थोड्याच वेळात वळणभर वर्तुळे दिसू लागली, जणू खालून पाऊस पडत होता. (ही उपमा माझी; भाऊंना ती ऐकवली असती तर ते पुन्हा हसले असते.) चांदीसारख्या बोटभर मासोळ्या होत्या, आठ-दहा मिळाल्या. मोठा मासा एकदाच आला, त्याने पाखरू घेतले आणि गळ सोडला.

या वेळेला तुमच्यात काय म्हणतात, मी विचारले. शब्द मिळावा ही अध्यापकाची हाव.

“काय म्हणाचं? पाखरं उठले, म्हणतो. मंग मासा उठते.”

इंग्रजीतही माशाच्या वर येण्याला ‘राइज’ म्हणतात, म्हणजे उठणेच. पण आमच्याकडे पाखरू आणि मासा एकाच क्रियापदाने उठतात. हे वाक्य मी घरी येऊन वहीत उतरवले. त्या मुलाच्या निबंधात ते होते की नव्हते, मला आठवत नाही. तेव्हा मी वाचलेच नव्हते, तपासले होते.

भाऊंनी नदीवरूनच मुलाला फोन लावून दिला. तो रात्रपाळीला निघाला होता. मी त्याला झालेले सांगितले, आणि तो निबंध पुन्हा लिहून देशील का असे विचारले. आमच्या विभागाच्या वार्षिकांकात तो जसाच्या तसा, वऱ्हाडीसकट, छापायची माझी इच्छा होती. पलीकडे थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज ऐकू येत होता. “सर, आता ते कुठं आठवते,” तो म्हणाला. मग म्हणाला, “बाबांनी पाखरं कशात भरले होते? डबीत का पिशवीत?” डबीत, मी म्हणालो. “पिशवीत गुदमरतात,” तो म्हणाला, “मेलेलं पाखरू तो घेत नाही.” पुढच्या मृगात सुट्टी मिळाली तर येतो, असे सांगून त्याने फोन ठेवला.